सही जुळत नाही

बँकेत एकतीस वर्षं नोकरी करून भिंगबाईंनी काय केलं, असं कोणी विचारलं तर उत्तर एका वाक्याचं आहे: त्यांनी दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. लोक बँकेत पैसे काढायला यायचे, भरायला यायचे, तावातावाने भांडायला यायचे. बाईंच्या टेबलावर मात्र सह्याच यायच्या. डाव्या हाताला चेक, उजव्या हाताला खातं उघडताना केलेल्या नमुना सहीचं कार्ड आणि मध्ये भिंग. जुळली तर हिरवी खूण. नाही जुळली तर चेकला छापील चिठ्ठी टाचून परत. त्या चिठ्ठीवर चेक परत करण्याची बारा कारणं होती. बाईंनी नववं सोडून बाकीची कधी वाचली असतील असं वाटत नाही. नववं कारण: सही जुळत नाही.

आईवडिलांनी त्यांना चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं उरलं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना भिंगबाई म्हणत, तेही तोंडावर. एकदा त्यांनी खुद्द शाखेच्या मोठ्या साहेबांचा चेक परत पाठवला. साहेब चार हातांवर काचेच्या केबिनमध्ये बसलेले दिसत होते. ते तरातरा बाहेर आले.

"अहो बाई, मी आहे ना हा! समोर उभा आहे!"

"तुम्ही तुम्हीच आहात साहेब," बाई म्हणाल्या. "ही सही तुमची नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे दुसरी सही केली. तीही जुळली नाही. तिसरी जुळली, कारण तोवर साहेबांना घाम फुटून त्यांचा हात जरा सावकाश चालायला लागला होता.

बाईंची एक पद्धत होती. सही तपासण्याआधी त्या नावावर एक जुनं पोस्टकार्ड ठेवून नाव झाकून टाकत. नाव दिसलं की डोळे माणसाकडे बघतात, सहीकडे बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. या पद्धतीमुळेच एके दिवशी त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचा चेक परत पाठवला. चिठ्ठी टाचून झाल्यावर कार्ड उचललं, नाव वाचलं, आणि चेक जिथे जायचा तिथेच गेला.

त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. रस्त्याखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढायचे. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा तो एकच माणूस त्या खात्यात उरला होता. अशा माणसाची सही सुरुवातीला नीट आणि पुढे बारीक होत होत शेवटी पार मुंगीएवढी झालेली पाहून बाईंना राग आला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "सही करताना लक्ष कुठे असतं तुमचं?"

"सहीवरच असतं," यजमान म्हणाले.

बँकेत या गोष्टीचा फार गवगवा झाला. नवीन लागलेल्या पोरांना ती प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगितली जाई. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी साहेबांनी भाषणात पुन्हा तीच सांगितली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यजमान पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या, पण इतरांच्या टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांच्या नुकत्या सुरू होत होत्या. तोवर चेक परत गेल्याला तीन वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी कंपवात असं नाव देऊन पंधरा दिवस.

कंपवात म्हटलं की लोकांना हात थरथरतो एवढंच ठाऊक असतं. थरथरणं हा त्यातल्या त्यात सभ्य भाग. बाकी चेहरा हसायला विसरतो, आवाज खाली जातो, पाय दाराच्या उंबऱ्याशी येऊन रुसतात, आणि सदऱ्याचं बटण हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होऊन बसतो. यावर गोळी आहे. गोळी घेतली की पाऊण तासाने माणूस बराचसा पहिल्यासारखा होतो, आणि असर उतरला की पुन्हा होता तिथे. यजमानांना पहिल्या वर्षी एक गोळी पाच तास पुरायची. मग चार. आता अडीच. बाईंना आकड्यांचं भय कधीच वाटलं नव्हतं, पण या आकड्याचं वाटायचं. अडीचचे दोन होतील, दोनाचा एक होईल, आणि मग? हे त्या कोणाला विचारत नसत. विचारायला एकच जागा होती.

ती जागा म्हणजे मेडिकल कॉलेजच्या एक्स-रे विभागामागच्या दोन खोल्या. तिथे एक संशोधक डॉक्टरबाई पाच वर्षं नेमक्या याच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या: गोळी दिवसेंदिवस कमी का पुरते. त्यांच्याकडे एक जुनं मशीन, दोन मदतनीस आणि दीडशे रुग्ण होते. त्यात यजमानही. महिन्यातून एकदा ते तिथे जात, रक्त देत, दहा पावलं चालून दाखवत आणि घरी येत. आता अनुदान संपलं होतं. आरोग्य संशोधन खात्याने नवा नियम काढला होता की जुन्या विषयाला पुन्हा पैसा हवा असेल तर लोकांची मागणी दाखवा. किमान पाचशे रुग्णांनी स्वतःच्या सहीने अर्ज करावेत, मगच विषय समितीपुढे ठेवला जाईल. नाहीतर पुढच्या महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्याव्यात.

"खोल्यांत काय ठेवणार आहेत?" बाईंनी विचारलं.

"जुन्या खुर्च्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रुग्णांचं एक मंडळ होतं. त्याला फुकट मिळालेली जागा दुसऱ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. चालणं हीच ज्यांची अडचण, त्यांच्या मंडळासाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. सभा चारला सुरू व्हायची, म्हणून लोक साडेतीनला जिना चढायला लागत. अध्यक्ष होते ड्रायव्हरकाका. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती आणि आता त्यांचे पाय प्रत्येक दारात अडायचे. "आयुष्यभर थांबा असेल तिथे थांबलो," ते सांगायचे, "आता थांबा नसेल तिथे थांबतो. हिशेब चुकता होतोय." मागून कोणीतरी हलकेच ढकललं की ते पुन्हा चालू पडत.

अर्जावर दोन जागी सही हवी होती, एक पुढच्या बाजूला अर्जाखाली आणि एक मागे, वरील माहिती खरी असल्याच्या मजकुराखाली. ड्रायव्हरकाकांनी सभेत विचारलं, खात्यात हे कागद कोणीतरी तपासणारच, तर आधी आपणच तपासून का देऊ नयेत? सगळ्यांनी भिंगबाईंकडे पाहिलं. बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

महिन्याभरात सहाशे चौदा अर्ज गोळा झाले. कोणी बागेत उभं राहून जमवले, कोणी औषधांच्या दुकानाबाहेर, कोणी नात्यागोत्यात फोन करून. बाईंनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली, भिंग काढलं, पोस्टकार्ड काढलं, आणि पाच दिवस सकाळी दहा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी घेऊन, पुढची सही आणि मागची सही ताडून पाहिली. यजमान समोर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत, म्हणजे एक पान उलटायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्या वेळात आधीचं पान दोनदा वाचून काढत.

डावीकडचा गठ्ठा वाढायला लागला, तो परतीचा. चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी आणखी एका अर्जावर लाल पेन्सिलीने फुली मारली. पुढची सही किडामुंगी, मागची चांगली टपोरी. ही दोन माणसं आहेत हे आंधळाही सांगेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पोस्टकार्ड उचललं.

खाली नवऱ्याचं नाव होतं.

यजमानांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, तो आजाराचा भाग होता, पण डोळे अजून त्यांचेच होते.

"नापास?" त्यांनी विचारलं.

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"दुसऱ्यांदा," यजमान म्हणाले.

"अहो पण या दोन सह्या एका माणसाच्या नाहीत!"

"नाहीतच. पुढची सकाळी सातला केली, गोळीच्या आधी. मग दमलो, म्हणून कागद ठेवला. तू गोळी दिलीस. मागची नऊला केली." ते जरा थांबले. एवढं सलग बोलणं त्यांना आता जड जायचं. "आमच्यात दोघं राहतात. तू दोघांनाही ओळखतेस."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग डावीकडच्या गठ्ठ्याकडे. साडेतीन दिवसांत फुली मारलेले जवळजवळ तीनशे अर्ज तिथे होते. त्यांनी उजवीकडचा गठ्ठा पुढे ओढला, जुळलेल्यांचा, आणि पोस्टकार्ड न ठेवता पहिल्यापासून पाहायला घेतला. एक्याऐंशी वर्षांच्या आजी, आजार अकरा वर्षांचा, सही मोत्यासारखी, पुढे आणि मागे अगदी तीच. एका वृद्धाश्रमातून आलेले सात अर्ज, सातांची सात नावं, आणि सगळ्यांचं शेवटचं अक्षर एकाच झटक्यात वर उडालेलं. तिथल्या मेट्रनने एका बैठकीत उरकले होते. मुलांनी केल्या होत्या, सुनांनी केल्या होत्या, एका ठिकाणी तर डावखुऱ्या माणसाची सही उजव्या हाताने केलेली होती. जुळत होत्या, कारण त्या निरोगी माणसांनी केल्या होत्या.

एकतीस वर्षांच्या अनुभवाने भिंगबाईंनी अस्सल तेवढे बाजूला काढून नकली पास केले होते.

"मग तो चेक..." त्या म्हणाल्या.

यजमान उठले. उठायला त्यांना तीन प्रयत्न लागले, आणि बाई मदतीला धावल्या नाहीत, कारण ते त्यांना आवडत नसे. नकाशांच्या नळकांड्या ठेवलेल्या कपाटातून त्यांनी एक शाळेची वही आणून टेबलावर ठेवली. आत पानोपानी त्यांची स्वतःची सही होती. रोज वीस, वर तारीख. चेक परत आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू. गुपचूप सहीचा सराव करणारा साठीला टेकलेला माणूस बाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पहिल्या पानावर सही ओळीत मावत होती. चाळिसाव्या पानावर एका ओळीत तीन मावल्या असत्या. सराव चांगला शिस्तीत झाला होता, सही दिवसेंदिवस बिघडत गेली होती.

"मला वाटलं, हिच्या भिंगातून सुटायचं नाही, तर सुधारावं," यजमान म्हणाले. "तुला डॉक्टरांच्या तीन वर्षं आधी कळलं होतं. फक्त निदान चुकलं. तू हलगर्जीपणा म्हणालीस."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, गमतीनेच म्हटलं होतं. बाईंना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी वही मिटली आणि पदराने डोळे पुसले, मग भिंगही पुसलं, कारण तेही ओलं झालं होतं.

शनिवारच्या सभेत त्यांनी हिशेब मांडला. जुळलेले अर्ज दोनशे बत्तीस, त्यातले एकोणीस खरे, कारण त्यांचा आजार नवा आहे. बाकीचे खोटे. न जुळलेले तीनशे ब्याऐंशी, ते सगळे खरे. म्हणजे चारशे एक. नव्याण्णव कमी पडतात आणि हातात आठ दिवस.

"कमी कुठे पडतात?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "सहाशे चौदा आहेत की! उलट ते न जुळणारे तीनशे ब्याऐंशीही घरच्यांकडून नव्याने भरून घेऊ. पुढे-मागे एकच हात, झकास जुळतील. खात्यात कोण भिंग घेऊन बसलंय?"

"मी बसले असते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही रिटायर झालात, भिंगबाई."

"माझ्या जागी कोणीतरी असेलच ना." मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, "काका, प्रयोगशाळा बंद पडली तर माझं काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे. यांची गोळी अडीच तासांवर आलीय. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. पण आपण आजारी आहोत हे सांगायला धडधाकट माणसांच्या सह्या न्यायच्या, हे मला जमायचं नाही. पकडलं तर पाचशेच्या पाचशे खोटे ठरतील, खरेसुद्धा."

ड्रायव्हरकाकांनी विचार केला. "म्हणजे सरळ रस्ता सोडून खड्ड्यांचा घ्यायचा," ते म्हणाले. "घ्या. तसाही मला वेग झेपत नाही."

ज्यांच्या घरच्यांनी सह्या ठोकल्या होत्या त्यांच्या घरी पुन्हा जायचं ठरलं. सहा जणांनी भाग वाटून घेतले. बाई पहिल्यांदा त्या एक्याऐंशी वर्षांच्या आजींकडे गेल्या. दार सुनेने उघडलं. बाईंनी अर्ज दाखवला तसा तिचा चेहरा पडला.

"काकू, मी मुद्दाम नाही केली हो. सासूबाईंना एक सही करायला अर्धा तास लागतो."

"मग मी अर्धा तास बसते," बाई म्हणाल्या.

चाळीस मिनिटं लागली. आजींनी पेन धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. सून दोनदा पुढे झाली आणि बाईंनी दोनदा तिला डोळ्यांनी मागे सारलं. सही झाली तेव्हा ती सही आहे हे सांगावं लागलं असतं. आजींनी ती बराच वेळ निरखली.

"सहा वर्षांत मला कोणी सही मागितली नाही," त्या पुटपुटल्या. "आणखी कुठे करायची आहे?"

"मागे एक."

"आण."

सून स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. तिच्याबद्दल बाईंना राग आला नाही. भल्या हेतूने केलेली चूक कशी असते हे त्यांना आता चांगलं कळत होतं.

आठ दिवसांत एकशे चार अर्ज झाले. एकूण पाचशे पाच. बाईंनी वर स्वतःच्या अक्षरात एक पत्र जोडलं: "सोबतच्या पाचशे पाच अर्जांपैकी चारशे शहाऐंशी अर्जांतील दोन्ही सह्या जुळत नाहीत. ज्या जुळत होत्या त्या खोट्या असल्याने काढून टाकल्या आहेत. एकोणीस जुळतात, कारण आजार नवा आहे. कळावे." हे पत्र वाचून ड्रायव्हरकाका म्हणाले की चोर स्वतःच पोलिसात जाऊन पत्ता देतो तसं हे आहे, पण त्यांनीही खाली सही केली. ती कशाशीच जुळली नसती.

दहाव्या दिवशी खात्याचं उत्तर आलं. अर्ज तपासले असता चारशे शहाऐंशी अर्जांतील सह्या जुळत नाहीत असे आढळून आले, तरी सोमवारी अकरा वाजता समक्ष खुलासा करावा. आपल्याच पत्रातला आकडा खात्याने स्वतंत्रपणे शोधून काढला हे पाहून बाईंना बरं वाटलं. कोणीतरी खरोखर बसून तपासलं होतं.

सोमवारी अकरा रुग्ण गेले. खात्याच्या लांबलचक बोळात एक लाकडी बाक होता, त्यावर ते दाटीवाटीने बसले. अकराला बोलावलं होतं, बारा वाजले तरी आत घेतलं नव्हतं. सगळ्यांच्या गोळ्यांची वेळ टळत चालली होती. बाईंनी पर्समधून डबी काढली.

"आत्ता नको," यजमान म्हणाले.

"अहो, उतरत आलीय. बोलता येणार नाही तुम्हाला."

"कुठे जायचं झालं की आपण गोळी घेऊन जातो. लग्नाला, बँकेत, डॉक्टरांकडेसुद्धा. सगळ्यांना आपण बरेच दिसतो." दम घ्यायला ते थांबले. "आज एक दिवस आजारी जाऊ."

ड्रायव्हरकाकांनी आपली काढलेली गोळी पुन्हा कागदात गुंडाळली. मग बाकावरच्या एकेकाने आपापली डबी बंद केली. बाईंना हे मुळीच पटलं नव्हतं, पण त्यांनीही केली. सव्वा वाजेपर्यंत अकरा माणसांपैकी काही थरथरत होती आणि काही पुतळ्यासारखी थिजली होती. बाक असा हलत होता की शेजारच्या खोलीतून एक जण बाहेर येऊन, खाली कुठलं मशीन चालू आहे का, हे पाहून गेला.

आत एक साहेब होते आणि टेबलाच्या कडेला एक कारकून, दोरी लावलेला चष्मा, हातात पट्टी. पट्टीने तो अक्षरांची उंची मोजत होता. बाईंना तो पाहताक्षणी आवडला.

"बाई, मी नियम बदलू शकत नाही," साहेबांनी सुरुवातच शेवटापासून केली.

"बदलू नका, साहेब. सही जुळली पाहिजे असं नियमात कुठेच नाही. सही अर्जदाराचीच असल्याची खात्री करावी, असं आहे. जुळवणं ही खात्री करण्याची एक रीत झाली. मी एकतीस वर्षं तीच केली. या आजारात ती उलटी चालते. ज्या सह्या जुळतात त्या दुसऱ्या कोणाच्या असतात. जुळवून देणारी माणसं आमच्या घरोघरी आहेत. सांगाल तर उद्या पाचशे सुबक अर्ज आणून देते, कोणी बोट ठेवू शकणार नाही."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने पट्टी खाली ठेवली.

"दुसरी रीत कोणती?" साहेबांनी विचारलं.

"समक्ष."

साहेबांनी उघड्या दारातून बोळातल्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या करून."

दाराशी सगळ्यांत जवळ यजमान होते. त्यांना खुर्चीपर्यंत यायला लागलेला वेळ मी सांगत बसत नाही. कारकुनाने त्यांचा अर्ज काढला, शेजारी कोरा कागद ठेवला आणि आपलं पेन दिलं. पहिलं अक्षर निघालं. दुसरं त्याच्या निम्म्याने. तिसऱ्याच्या मध्यावर हात थांबला. पेन कागदाला टेकलेलं होतं, बोटं घट्ट आवळलेली होती, आणि काही म्हणता काही हलत नव्हतं. एक मिनिट गेलं. भिंतीवर घड्याळ होतं, त्यामुळे ते मिनिटच होतं हे सगळ्यांना दिसलं. माणूस भला होता बिचारा, कारकून. त्याला राहवलं नाही. आधार द्यायला त्याने हात पुढे केला.

"हात लावू नका!"

भिंगबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बोळातला बाकही क्षणभर हलायचा थांबला असावा.

"हात लावलात की ती त्यांची राहणार नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा स्वतःचा हातही टेबलावर, नवऱ्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर जाऊन पोचलाय. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. खातं, समिती, प्रयोगशाळा, सगळं गेलं खड्ड्यात, उठावं आणि तो हात धरावा, एवढंच त्यांना वाटत होतं. त्या बसून राहिल्या. यजमान कागदाकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही कोणी हात लावला नाही.

मग पेन हललं. उरलेली अक्षरं मोहरीएवढी, एकात एक घुसलेली, पण निघाली. शेवटचं निघालं.

कारकुनाने कागद ओढून घेतला. सवयीने पट्टी लावली, मग काढली. अर्जाच्या कोपऱ्यात त्याने बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं: "सही जुळत नाही. समक्ष केली. ग्राह्य." आणि कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी तो शेरा वाचला, बराच वेळ वाचला, मग सगळी फाइल मागवून तिच्यावर लिहिलं, "सर्व अर्ज ग्राह्य. समितीपुढे ठेवा," आणि झपाट्याने सही केली.

"बाकीचे दहा?" कारकुनाने विचारलं.

"नकोत," साहेब म्हणाले. त्यांना कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

"मग आमच्या गोळ्या उगाच चुकवल्या?" दारात अडलेले ड्रायव्हरकाका म्हणाले, पण त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की कोणाला ऐकू आलं नाही.

समिती पुढच्या महिन्यात बसली. डॉक्टरबाईंनी पाच वर्षं मागितली होती, तीन मिळाली, आणि जुन्या खुर्च्या दुसरीकडे गेल्या. पण ते नंतरचं. त्या दुपारी खोलीतले सगळे उठले तरी यजमान टेबलाशी तसेच बसून होते. सही झाली होती, पण पेन सुटत नव्हतं. बोटं उघडतच नव्हती. बाई मांडीखाली हात धरून अजून बसून होत्या. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं.

"आता हात लावू का?"

कारकुनाने चष्मा काढला. "लावा," तो म्हणाला.

भिंगबाईंनी नवऱ्याचं एकेक बोट उघडून पेन सोडवलं आणि कारकुनाला परत केलं. हात मात्र सोडला नाही.